आधी वाट कुणाची?

भंडारदऱ्याच्या रानात सायकली उतारावरून सुसाट येत होत्या. झाडीतल्या कवडशांत त्यांना टिपायला फोटोवाले दबा धरून बसलेले. काम अवघड खरं. उजेड कमी, वेग जास्त. तेवढ्यात मोळ्या घेऊन तीन ठाकर बाया त्याच वाटेनं आल्या. “मावशी, बाजूला व्हा!” त्या ओझ्यासकट करवंदीच्या जाळीत सरकल्या.

१९८६ साली हे रान अभयारण्य झालं. सरपणाला गेलेली बाई आजही गार्ड दिसला की दचकते. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पट्ट्यावर नवऱ्याबरोबर तिचंही नाव घातलं; वाटेवर मात्र तिलाच हटवतात. फोटो जरूर काढा, पण ती जाईपर्यंत थांबा.

काटे काढताना एकीनं मला विचारलं, “बाई, ह्या सायकलीवर मोळी बांधता येईल का?”