दृढीकरणानंतर काय ?

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा प्रश्नोत्तरावली पाठ म्हणून दाखवितो, मंडळीपुढें उभा राहून आपला विश्वास प्रकट करितो, त्याचें दृढीकरण होतें, आणि त्याच दिवशीं घरचीं माणसें समाधानानें म्हणतात, "झालें, ह्याचें धर्मशिक्षण आतां पुरें झालें." आमच्या मतें ह्या एका वाक्यानें मंडळीचें जितकें नुकसान केलें आहे, तितकें बाहेरच्या टीकाकारांनींहि केलें नसेल. गणिताला पुढची इयत्ता असते, भाषेला असते. शेतकऱ्यालासुद्धां दर पावसाळ्यांत कांहीं नवें शिकावें लागतें. प्रार्थना मात्र दहाव्या वर्षीं जशी आली, तशीच सत्तराव्या वर्षीं म्हटली तरी चालते, असा आमचा समज ! लहानपणीं शिवलेला अंगरखा मोठेपणीं अंगांत शिरत नाहीं. मग तो खुंटीवर टांगला जातो आणि नाताळांत तेवढा झटकून काढला जातो. पुष्कळ सुशिक्षित तरुणांच्या धर्मबुद्धीची आज हीच स्थिति आहे.

आपल्या महाराष्ट्रांत ह्याच्या उलट उदाहरण शोधूं गेल्यास लक्ष्मीबाई टिळकांचें नांव प्रथम येतें. १८६८ सालीं नाशिकजवळ जलालपूर येथें त्यांचा जन्म झाला. शाळेचें तोंड त्यांनीं पाहिलें नव्हतें. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या हौसेमुळें. १८९५ त कवि नारायण वामन टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां ह्या माउलीवर आकाश कोसळलें. त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० सालीं. मधलीं पांच वर्षें म्हणजे त्यांची खरी शाळा होती. सोंवळेंओंवळें, जातीचा विटाळ, कोणाच्या हातचें पाणी प्यावें व कोणाच्या नाहीं, हे प्रश्न त्यांनीं कोणाच्या उपदेशानें एका दिवसांत सोडविले नाहींत. रोजच्या चुलीपाशीं, माणसांशीं वागतांना, एकेक करून सोडविले. पुढें १९१९ त टिळक वारले. 'ख्रिस्तायन' महाकाव्याचे आरंभींचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून झाले होते. एक्कावन्न वर्षांची विधवा बाई, जी कधीं वर्गांत बसली नाहीं, तिनें तें काम उचललें आणि साठाहून अधिक अध्याय रचिले ! त्यांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३६ ह्या काळांत चार भागांत निघालीं. १९३६ त त्या निवर्तल्या. साठीनंतर ज्यांनीं मराठीला असा ग्रंथ दिला, त्यांच्यापुढें "आतां ह्या वयांत काय शिकायचें ?" असें म्हणावयास जीभ कशी रेटते, हें आम्हांस कळत नाहीं.

स्वतः टिळकांचेंहि तेंच. नांवलौकिक होता, 'ज्ञानोदया'ची मराठी बाजू हातीं होती. पण १९१७ सालीं मिशनची पगारी नोकरी सोडून ते संन्यस्त वृत्तीनें साताऱ्यास राहिले व 'देवाचा दरबार' त्यांनीं उभारिला. बाप्तिस्म्याला तेव्हां बावीस वर्षें लोटलीं होतीं.

आणि पंडिता रमाबाई ! आपल्याच पुणें जिल्ह्यांत, केडगांवीं, त्यांचें मुक्तिसदन आहे. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं ज्यांना 'सरस्वती' म्हणून गौरविलें, त्यांना पांडित्याची उणीव नव्हती. १८८३ त इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु पुढें कित्येक वर्षांनीं त्यांनींच लिहून ठेविलें, कीं मला धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त अद्याप मिळावयाचा होता. इतका प्रांजळपणा आम्हां किती जणांत आहे ? नंतर त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सर्व पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठींत आणण्याच्या कामास लागल्या. संस्कृतप्रचुर शब्द बाजूस सारून खेड्यांतल्या बाईला समजेल अशी भाषा त्यांनीं योजिली. केडगांवच्या छापखान्यांत खिळे जुळविले ते तेथल्याच स्त्रियांनीं. रमाबाई १९२२ त वारल्या; संपूर्ण ग्रंथ १९२४ त बाहेर पडला.

कोणी म्हणेल, हीं असामान्य माणसें. शिनोलीसारख्या गांवीं, घोडनदीच्या खोऱ्यांत, भाताचीं खाचरें लावणाऱ्यांस हें कसें साधावें? ह्याचें उत्तर शेजारींच आहे. आळंदी व देहू ह्याच जिल्ह्यांतलीं. गांवोगांव सप्ताह बसतो, पारायण होतें, आणि ज्यानें पाटी हातीं धरली नाहीं असा म्हातारा वारकरी अभंगामागून अभंग म्हणतो. तो कोठें शिकला ? दिंडींत, दहा जणांच्या आवाजांत आवाज मिळवून. आमच्या उपासनेंत मात्र एकजण बोलतो व बाकीचे ऐकतात. ऐकतात असें धरून चालूं या. टिळकांनीं हें ओळखलें होतें, म्हणूनच त्यांनीं भजन व कीर्तन मंडळींत आणिलें. आम्हीं त्यांचीं पदें ठेविलीं. सर्वांनीं मिळून शिकण्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणीं सोडून दिली.

प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोसाची गोष्ट आहे. तो मोठा वक्ता, शास्त्रांत पारंगत. परंतु त्याचें ज्ञान अपुरें आहे हें अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्या तंबू करणाऱ्या जोडप्याच्या ध्यानीं आलें. त्यांनीं त्याला सभेंत खालीं पाहावयास लाविलें नाहीं. आपल्याकडे नेऊन नीट समजावून सांगितलें. आणि तो विद्वान कारागिरांपाशीं शिकला. ख्रिस्ती मंडळी म्हणजे काय, हें आम्हांस ह्या प्रसंगांत जितकें दिसतें तितकें मोठमोठ्या व्याख्यांत दिसत नाहीं.

वसतिगृहांत राहून चार बुकें शिकलेल्या मुलाला सुटींत घरीं गेल्यावर आजीची प्रार्थना भाबडी वाटूं लागते, आणि आजीला वाटतें कीं नातू हातचा गेला. हा दुरावा खरा आहे व तो उपदेशानें भरून निघत नाहीं. आमची सूचना साधी आहे. रविवारीं उपासना आटोपल्यावर अर्धा तास कोणींहि उठूं नये. मुलानें एक उतारा वाचावा, आजीनें तो आपल्या शब्दांत सांगावा, बापानें एक प्रश्न विचारावा. उत्तर न आलें तर प्रश्न पुढच्या रविवारपर्यंत तसाच राहूं द्यावा. धर्मगुरूंनीं तो लगेच सोडवूं नये, हें मुद्दाम सांगतों. बारा वर्षांचा येशू मंदिरांत गुरुजनांमध्यें बसून ऐकत होता व प्रश्न विचारीत होता, हें लूकानें लिहून ठेविलें आहे. आमच्या घरीं मात्र प्रश्न विचारणारा मुलगा उद्धट ठरतो.

वेळ नाहीं ही सबब लावणीच्या दिवसांत खरी, बाकीच्या दिवसांत नव्हे. वाचतां येत नाहीं ही सबबहि आतां उरली नाहीं. मोबाईलवर सर्व पवित्र शास्त्र मराठींत ऐकावयास मिळतें. अडचण आहे ती चार माणसांनीं एकत्र बसण्याची. येत्या सुटींत ज्या विद्यार्थ्यांना हें करून पाहावयाचें असेल, त्यांनीं लूककृत शुभवर्तमानापासून आरंभ करावा. अध्याय चोवीस आहेत, आणि पहिल्याच अध्यायांत अलीशिबा नांवाची एक म्हातारी बाई आहे, तिच्याविषयीं आजीला पुष्कळ सांगण्यासारखें असेल.