रोबोची भूक

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात हल्ली दोन-चार तरी रोबो असतातच. काळ्या पट्टीवरून चालणारे, भिंत आली की वळणारे, टाळी वाजवली की थांबणारे. "हा काय काय करतो?" असं विचारलं की मुलं घडाघडा सांगतात. मी मात्र एकच विचारते, "बॅटरी संपत आली की काय करतो?" उत्तर बहुधा ठरलेलं, "मग बंद पडतो, बाई."

आता बंद पडणं वेगळं आणि बंद होणं वेगळं. (जन्मभर मराठी शिकवलं, एवढा कीस मी काढणारच!) बंद पडेपर्यंत चालवलं की बॅटरीचा जीव जातो. १२ व्होल्टची शिशाची बॅटरी वारंवार १०.५ च्या खाली उतरली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग ती चार्ज धरेनाशी होते. लिथियम तर त्याहून नाजूक. एक सेल साधारण ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये. फार खोल उतरलेला सेल पुन्हा चार्ज करताना आग लागण्याचाही धोका असतो. रोबो मुलांच्या हातात असतो, म्हणून मला याची जास्त काळजी.

आणि हा विचार काही नवा नाही हो. ब्रिस्टलमध्ये ग्रे वॉल्टर नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाने १९४८-४९ च्या सुमारास एल्मर आणि एल्सी ही दोन यांत्रिक कासवं बनवली. कॉम्प्युटर नाही, काही नाही, प्रत्येकीत दोन व्हॉल्व्ह आणि एक प्रकाशडोळा. बॅटरी भरलेली असताना कासव मंद उजेडाकडे जायचं, प्रखर दिव्यापासून मात्र दूर पळायचं. बॅटरी उतरली की डोळ्याची संवेदना कमी व्हायची, प्रखर दिवा सुसह्य वाटायचा, आणि ते थेट दिवा लावलेल्या खुराड्यात शिरायचं. चार्जिंगची सोय तिथेच! म्हणजे भूक मोजायला वेगळं यंत्र नव्हतंच, भुकेनेच वागणं बदलायचं. मला हे फार आवडतं.

आमच्या नातवाने मात्र आकडे मोजायचा रस्ता धरला. आर्डुइनोला १२ व्होल्ट थेट देता येत नाहीत म्हणून दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज वाटून घेतलं, आणि ११ च्या खाली गेलं की थांब, असं लिहिलं. पण मोटर सुरू होताना जोराचा करंट ओढते, व्होल्टेज क्षणभर खाली येतं, की रोबो थांबला! थांबला की मोटरचा भार गेला, व्होल्टेज वर, की पुन्हा चालू. दारात उभं राहून "येतो हं" म्हणत अर्धा तास गप्पा मारणारे पाहुणे असतात ना, तसं चाललं होतं. शेवटी काही सेकंदांची सरासरी घ्यायची, आणि एकदा थांबल्यावर चार्जिंग झाल्याशिवाय उठायचंच नाही, असे दोन नियम त्याने घातले.

"आजी, आता झालं ना?" म्हणाला. म्हटलं, नाही. थांबण्याचा आकडा आणि घरी परतण्याचा आकडा एकच कसा असेल? परतायला लागणारी ताकद शिल्लक असतानाच वळायला हवं. आणि मोटर थांबली तरी मेंदू थोडाथोडा करंट पीतच राहतो. शाळेच्या कपाटात दिवाळीच्या सुट्टीभर पडलेल्या रोबोची बॅटरी अशीच संपते. तेव्हा सगळ्याचाच पुरवठा तोडायला हवा.

मुलांना हे अवघड जाईल, असं एका शिक्षकांनी मला सांगितलं. स्वतः जाऊन चार्जरला लागणं अवघड आहे, मान्य. तांब्याच्या पट्ट्या बोटभर चुकल्या तरी जमत नाही, नातवाचं अजून तेच चाललंय. पण वेळेवर बंद होणं? दोन रेझिस्टर, एक रिले आणि थोड्या ओळींचा प्रोग्रॅम. नववीच्या मुलाला सहज येईल. माझं ऐकलं तर परीक्षकांनी गुण द्यायला इथूनच सुरुवात करावी, टाळीवर नाचण्याचं मग बघू.