घरचा हिशेब : नेट जातं कुठं?

खामगावहून एका भगिनीनं लिहिलंय, "घरी फायबरचं नेट आहे. वीस तारीख उलटली की ते रांगायला लागतं. सासूबाई म्हणतात, बारावीतली नात रात्रभर मोबाइल बघते. मुलगी रडते, म्हणते मी नाही. कोण किती वापरतं ते दाखवणारं एखादं ॲप सांगा. विकतचं असलं तरी चालेल."

ताई, पैसे एवढ्यात बाहेर काढू नका. एकूण नेट किती गेलं, घरच्या वायफायला कोण कोण जोडलेलं आहे आणि त्यातल्या कुणी किती ओढलं, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. तिन्हींचं उत्तर एकाच ॲपमध्ये क्वचितच मिळतं.

एकूण वापर तुमच्या कंपनीच्या ॲपवर दिसतो. नेट केबलवाल्याचं असेल तर त्याला विचारा, तो ग्राहकाचं पान उघडून देईल. महिन्याचा कोटा संपला की कंपनी वेग उतरवते. तुमचं वीस तारखेचं कोडं बहुधा हेच. रोज रात्री तो आकडा दुधाच्या खाड्यांसारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा.

कोण जोडलेलं आहे ते राउटर सांगतो. त्याच्या खाली चिकटवलेल्या पट्टीवर एक पत्ता असतो, बहुतेक १९२.१६८.१.१ असा, आणि शेजारी नाव-पासवर्ड. तो पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाकला की यादी उघडते. हे किचकट वाटलं तर 'फिंग' नावाचं ॲप फुकट मिळतं, तेही यादी दाखवतं. पण फिंग पंगतीची हजेरी घेतं. कुणी किती पोळ्या खाल्ल्या ते सांगत नाही! आणि यादीत अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच वरच्या भाडेकरूवर संशय नको. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासूनचे फोन आपली खरी ओळख झाकू शकतात, त्यामुळे आपलाच फोन भलत्या नावानं दिसतो. एकेका फोनचं वायफाय बंद करून यादीतून काय जातं ते बघा.

राहिला प्रश्न कुणी किती ओढलं याचा, आणि भांडण तर त्यावरच आहे. काही राउटरमध्ये हा हिशेब असतो, पण कंपनीनं दिलेल्या साध्या डबीत बऱ्याचदा नसतो. मात्र अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये वायफायवर कोणत्या ॲपनं किती खाल्लं ते दिसतं. लेकीला जवळ बसवा आणि तिच्याच हातानं ते उघडू द्या. सासूबाईंचाही फोन त्याच वेळी उघडा, म्हणजे एकटीची झडती घेतल्यासारखं होणार नाही.

माझा संशय विचाराल तर तो भिंतीवर आहे. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे टीव्हीवर एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खातं, फोर-के तर ७ जीबीपर्यंत. आजींना डुलकी लागते आणि टीव्ही एकामागून एक भाग लावत बसतो. त्याहून छुपा म्हणजे दारावरचा कॅमेरा. रात्रंदिवस १ एमबीपीएसनं चित्र वर पाठवणारा कॅमेरा दिवसाला सुमारे ११ जीबी ओढतो, म्हणजे महिन्याला सव्वातीनशेच्या आसपास! त्याला ना झोप ना परीक्षा. एक दिवस टीव्हीचं नेट बंद ठेवा, दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचं, आणि कॅलेंडरवरचा आकडा ताडून बघा. कॅमेराच निघाला तर हालचाल झाली तरच चित्र पाठवायचं, असं त्याच्या सेटिंगमध्ये करता येतं.

मुलीच्या फोनमध्ये गुपचूप घालायची पाळतीची ॲप्स जाहिरातीत दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. तिचे निरोप आणि फोटो कुठल्या परक्या कंपनीकडे जातील याचा नेम नाही. मोठ्या माणसाच्या फोनमध्ये परवानगीवाचून शिरणं तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे महागात पडेल. घरात लहान मूल असेल तर गूगलचं 'फॅमिली लिंक' उघडपणे लावा. तेही वेळ मोजतं, जीबी नव्हे.

तुमच्याकडे एक गोष्ट खास असणार. शेगावला दर्शनाला आलेले पाहुणे खामगावात उतरतात आणि चहाआधी पासवर्ड विचारतात. पासवर्ड असा गावभर होणं बरं नाही. २००८ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी धमकीची ई-मेल गेली, ती नवी मुंबईतल्या एका अमेरिकन गृहस्थाच्या उघड्या वायफायवरून. त्याचा काही संबंध नव्हता, तरी पोलीस आधी त्याच्याच दारात गेले. बऱ्याच राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं 'गेस्ट' वायफाय असतं, ते चालू करा आणि मुख्य पासवर्ड एकदा बदला. बदलला की टीव्ही, कॅमेरा आणि सगळ्यांचे फोन नव्यानं जोडावे लागतात, तेव्हा रविवारची दुपार मोकळी ठेवा. मुलीचा ऑनलाइन क्लास असेल त्या वेळी हे काम काढू नका.