‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देऊ नका

वयोमानाप्रमाणे विसर पडायचाच, असे म्हणून घरातील वडीलधाऱ्यांच्या ढासळत्या स्मरणशक्तीकडे काणाडोळा करण्याची आपल्या समाजाला जुनी सवय आहे. त्यास ‘म्हातारचळ’ म्हटले की आपले कर्तव्य संपले! २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात सुमारे साडेआठ टक्के, तर गोव्यात अकरा टक्क्यांहून अधिक होते. तेव्हा हा प्रश्न आपल्या दाराशीच येऊन ठेपला आहे.

अन्नातील प्रथिनांतून येणाऱ्या मेथिओनिनपासून शरीरात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य तयार होते. त्याचा निचरा होण्यास फोलेट, ब-१२ व ब-६ ही जीवनसत्त्वे लागतात. ती कमी पडली की हे द्रव्य रक्तात साचते. त्याचा रक्तवाहिन्यांच्या विकाराशी संबंध असावा, असे डॉ. किल्मर मॅक्कली यांनी १९६९ मध्ये मांडले, तेव्हा त्यांची उपेक्षाच झाली. पुढे २००२ साली अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीत, हे प्रमाण १४ मायक्रोमोलच्या वर असलेल्या वृद्धांत अल्झायमरचा धोका जवळजवळ दुप्पट आढळला.

मग जीवनसत्त्वाची गोळी घेतली की काम भागले काय? तसे नाही. २००६ च्या ‘होप-२’ चाचणीत होमोसिस्टीन उतरले, पण हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत. २०१० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांना सौम्य स्मृतिदोष असलेल्या वृद्धांत ब-जीवनसत्त्वांमुळे मेंदूचे आकुंचन सुमारे तीस टक्क्यांनी मंदावलेले दिसले. परंतु आकुंचन मंदावणे म्हणजे स्मृतिभ्रंश टळणे नव्हे. होमोसिस्टीन हे रोगाचे कारण की केवळ खूण, हा वाद अद्याप मिटलेला नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी जी चौदा कारणे सांगितली, त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण आहे; होमोसिस्टीन नाही. तेव्हा महागड्या गोळ्यांच्या जाहिरातींना कोणी भुलू नये.

तथापि वाद मिटेपर्यंत हातावर हात ठेवून बसावे, असेही आम्हांस वाटत नाही. ब-१२ ची उणीव स्वतःच विस्मरण, हातापायांना मुंग्या व तोल जाणे यांस कारणीभूत होऊ शकते आणि वेळीच ध्यानात आल्यास ती भरून काढता येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी तपासलेल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत ही उणीव आढळली होती. शाकाहाऱ्यांत ती अधिक. मासे खाणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये; उतारवयात शोषण मंदावते, शिवाय मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील काही औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही हे जीवनसत्त्व घटते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. विस्मरणाची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक वृद्धाचा रक्तदाब, साखर व ब-१२ यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य व्हावी. बरे होण्याजोग्या विकाराला म्हातारपणाचे नाव देऊन माणूस गमावणे, हे कोणत्याही सुसंस्कृत समाजास शोभणारे नाही.