ओट्याहून वीतभर उंच

परवा नात तामरावचं चित्र काढत होती. हा फिलिपाइन्समधल्या मिंडोरो बेटावरचा बुटका रानरेडा. जगात दुसरीकडे रानात कुठेच नाही.

"आजी, हा केवढा असतो गं?"

दांडिया बाजारातल्या आमच्या घरातला ओटा दाखवून मी म्हटलं, "याच्याहून वीतभर उंच." खांद्यापाशी साधारण १ मीटर, वजन २०० ते ३०० किलो. आपली जाफराबादी म्हैस शेजारी उभी केली तर हा तिचं पारडूच वाटेल.

"मग आपण पाळूया!"

"नाही हं. तो तापट, एकटा राहणारा."

मला मात्र त्याच्या उंचीपेक्षा संख्येने चटका लावला. १९०० च्या सुमारास अंदाजे १०,००० तामराव होते. १९६९ पर्यंत जेमतेम शंभर उरले. शिकार आणि जंगलतोड होतीच, शिवाय १९३० च्या दशकात गुरांची बुळकांडी आली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपली, तामराव मात्र आजही काही शेच आहेत.

मुलांनो, गोठ्यातल्या जनावराला वेळेवर टोचलेली लस रानातल्यालाही वाचवते. नातीने ते ऐकलं आणि चित्रात शेजारी एक पारडू काढलं.