बास्केटचं चीज व्हावं म्हणून...

डिसेंबर लागला की आमच्या ऑफिसात दोनच विषय. टार्गेट्स आणि ‘कुणाला काय द्यायचं?’ सुक्या मेव्याचे डबे दिवाळीतच या घरातून त्या घरात फिरून दमलेले असतात. मग उरते वाइन आणि चीजची बास्केट. दिसायला झकास, द्यायला सोप्पी! मलाही असंच वाटायचं.

गेल्या वर्षी आमच्या सीनियर मॅडमना मी थाटात रेड वाइन आणि इटलीचं पार्मेजान दिलं. मॅडम वाइन आवडीनं घेतात, पण शाकाहारी एकदम पक्क्या. दोन दिवसांनी बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘अगं, लेबल वाचलं होतंस का?’ अस्सल पार्मेजानसाठी दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. त्यांनी ते खाल्लं होतं, आणि मग वाचलं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणून तर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून आपला फंडा एकच. आधी माणूस, मग चीज, बाटली शेवटी.

शाकाहारी मंडळींसाठी पाकिटावरचा हिरवा ठिपका बघाच. अशा चीजमध्ये मायक्रोबियल रेनेट असतं. ब्रीसारखं मऊ चीज घरपोच नेऊन द्या. टेबलावर दिवसभर पडलं, की त्याचं पिठलं झालंच म्हणून समजा.

आता जोड्या. आंबटसर सोव्हिनियॉन ब्लांबरोबर फेटा किंवा शेळीच्या दुधाचं चीज. मुरलेल्या चेडारबरोबर शिराझ, कारण रेड वाइनचा तुरटपणा चीजच्या स्निग्धपणानं मवाळ होतो. खारट ब्लू चीज असेल तर गोड लेट हार्वेस्ट वाइन. खारट-गोडाची गंमत आपल्याला काय नवी? आणि वाइन पहिल्यांदाच चाखणाऱ्यांना हलकी गोडसर शेनिन ब्लां द्या, सोबत सौम्य गौडा. बाटली फ्रान्सचीच हवी असंही नाही. नाशिकच्या सुलानं २००० साली सुरुवात केली ती सोव्हिनियॉन आणि शेनिन ब्लांनीच.

आणि हो, समोरचा वाइन घेतो की नाही, हे आधी हळूच काढून घ्या. घेत नसेल तर द्राक्षाचा रस आणि चीज, तेही मस्त जमतं.

यंदा मॅडमसाठी शेनिन ब्लां आणि गौडा घेतलंय. हिरवा ठिपका दोनदा तपासलाय. आता फक्त त्या बास्केटचं चीज झालं, म्हणजे मिळवली!