जुन्या घराला नवा गीझर

दिवाळीच्या आगेमागे पाणी तापवण्याचा प्रश्न घरोघरी निघतो. जुन्या घरात तो जरा जास्तच अवघड असतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची वायरिंग, चार बाय सहा फुटांची न्हाणी, वर एक लहानसा झरोका आणि तोही थंड वारा येतो म्हणून काच लावून बंद केलेला. विजेचा गीझर बिघडला की इलेक्ट्रिशियन सांगतो, 'ही वायर तीन किलोवॉटचा लोड घेणार नाही.' नव्या वायरिंगचा खर्च ऐकून घरात गॅस गीझर येतो. पाणी लगेच तापते, वीज गेली तरी अडत नाही. बसवायला आलेला माणूस नळ जवळ पडावा म्हणून तो बाथरूमच्याच भिंतीवर ठोकून जातो.

निवड चुकते ती इथे. गॅस गीझर वाईट नाही, तो बाथरूमच्या आत असणे वाईट.

थोडा हिशेब केला तर हे लगेच कळते. मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचे तर सुमारे 15 ग्रॅम गॅस जळतो. एक ग्रॅम गॅस पूर्ण जळायला साधारण 12 लिटर हवा लागते. म्हणजे मिनिटाला जवळपास 200 लिटर हवा. चार बाय सहाच्या, आठ फूट उंच न्हाणीत एकूण हवाच साडेपाच हजार लिटरच्या आत असते. दार लावून एकाने अंघोळ केली आणि लगेच दुसरा आत गेला, की अर्ध्या तासात त्या सगळ्या हवेइतकी हवा ज्योतीला लागलेली असते. प्राणवायू संपेपर्यंत थांबावे लागत नाही. तो थोडा घटला तरी गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बर्नरवर काजळी धरली असेल तर आणखी लवकर.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला येणारा वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो, गॅस जळला की तोही जातो. त्यामुळे 'वास येत नाही, म्हणजे सगळे ठीक' हा समज इथे उपयोगाचा नाही. जुना तांब्याचा बंब निदान धूर तरी करायचा. डोळे चुरचुरायचे, म्हणून लोक तो अंगणात नाहीतर कौलांच्या फटीखाली ठेवायचे. नवे यंत्र स्वच्छ दिसते, म्हणून ते अंघोळीच्या खोलीत शिरले.

दुकानात यावर ठरलेले उत्तर मिळते: एक्झॉस्ट फॅन लावा. पंखा हवा बाहेर फेकतो, पण तेवढीच हवा कुठून तरी आत आली तर. दाराखालची फट रबराची पट्टी लावून बुजवलेली असेल, तर पंखा नुसता घरघरतो. खाली झडपेचे दार आणि वर उघडा झरोका असला तर गोष्ट वेगळी; पण जानेवारीत अंगावर वारा घेत अंघोळ कोण करतो?

गॅस गीझरच हवा असेल तर तो बाथरूमबाहेर, उघड्या गॅलरीत बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यावा. काचा सरकवून बंद केलेली गॅलरी ही मात्र खोलीच, आणि ज्या डक्टमध्ये शेजाऱ्यांच्या न्हाणीच्या खिडक्या उघडतात ती जागाही नको. बाहेर जागा नसेल तर विजेचा साठवणीचा गीझर बरा. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गीझर 13 अँपिअर ओढतो, दोन किलोवॉटचा साठवणीचा नऊच्या आत. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढे तरी हवेच. हा खर्च गीझरच्या किमतीतच धरला पाहिजे. तो वगळून गॅस गीझर स्वस्त म्हणणे ही फसवी बेरीज आहे.

भाडेकरूंच्या हातात तर हेही नसते. गीझर घरमालक निवडतो, वापरतात खोलीवर राहणारी मुले. डिपॉझिट देण्याआधी पार्किंगबद्दल विचारतात, तसे गीझर कुठे बसवला आहे हेही विचारावे. आतच असेल तर दार उघडे ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच अंघोळीला बसावे.

कोणी बाथरूममध्ये कोसळले तर अनेकदा ती चक्कर किंवा फिट समजली जाते. अशा रुग्णांना अपस्माराची औषधे सुरू झाल्याच्या नोंदी आपल्याकडच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी प्रसिद्ध केल्या आहेत. दार सताड उघडून, श्वास रोखून आधी माणसाला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि रुग्णालयात पोहोचताच 'गॅस गीझर चालू होता' हे वाक्य सांगावे. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही. आकडा 98 दिसू शकतो. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध प्राणवायू दिला तर साधारण तास-दीड तास.